चढणीवरील थांबा फत्ते जाहला त्याची हकीकत

चढणीखालच्या बसथांब्यापासून डायलिसिसच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत अंतर नऊशे बारा पावले. निरोग्यास अकरा मिनिटे, आजाऱ्यास एकोणतीस, ऐसे मोजमाप अखंडित-तक्ते-अलंकृत, वाहतूक-न्याय-धुरंधर संशोधक बाईंनी घड्याळ लावून जातीने केले आणि दप्तरी रुजू केले. बस दवाखान्यावरूनच जात असे, परंतु तेथे थांबण्याचा हुकूम नव्हता.

सबब बाईंनी परिवहन दरबारी अर्ज गुजारिला, की बस दारात उभी करावी. मग दरबारचे हेडक्लार्क, दप्तरात मातबर, यांनी तिकिटांचे आकडे काढिले आणि जाहीर केले की त्या जागी आजवर एकही उतारू चढला नाही, सबब मागणी शून्य. बाई म्हणाल्या, "अहो, थांबाच नाही तर चढतील कुठून? झाडावरून?" उत्तर आले की तक्त्यात झाडाचा रकाना नाही. आणि दरबारचे मुख्य, खासा साहेब, यांनी निर्णय पुढील बैठकीवर टाकिला, आणि ऐशा अकरा बैठका जाहल्या, आणि बिस्किटांची मोठी कत्तल उडाली.

इकडे शिवणकाम करणारी एक मावशी, आठवड्यास तीनदा ती चढण चढणारी, बाईंस बोलली की पाय साथ देत नाहीत, पुढल्या महिन्यापासून येणार नाही. न येणे म्हणजे काय, हे उभयतांस ठाऊक. मग बाईंनी आकडे म्यान करोन गनिमी मसलत केली: बारावी बैठक दवाखान्यातच ठेविली, आणि परिवहनाच्या सभेस परिवहनाच्याच बसने यावे, ऐसे पत्र धाडिले.

मग साहेब, देहाने भारदस्त, बसमध्ये स्वार जाहले आणि दारात थांबण्याचे फर्मान दिधले. चालक म्हणाला, "साहेब, तिथं थांबायचं नाही, असा तुमचाच हुकूम आहे." आणि चढणीखाली उतरविले, आणि बस धूळ उडवीत दवाखान्याकडेच गेली. साहेबांस दोनशे पावलांवर दम लागला, चारशेवर टाय सुटला, सहाशेवर ते दगडावर बैसले. इतक्यात उपचार आटोपून मावशी उतरत आली. तिला दया आली.

"नवीन का हो, भाऊ? सुरुवातीला जड जातं. मग माणूस यायचंच सोडतो. मीही सोडणारच आहे."

साहेब दगडावरून उठले आणि उरलेली चढण चढो लागले.

सभेत हेडक्लार्कांनी रिवाजाप्रमाणे 'पुढील बैठक' लिहावयास लेखणी उचलिली. साहेबांनी ती हातातून काढोन घेतली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी, जेव्हा साहेब पाण्याचा तिसरा पेला रिता करोन स्वमुखे बोलिले:

"सोमवारपासून बस इथं, दारात थांबेल. आणि मला खाली सोडा कुणीतरी."