दिवसाला आठ ग्लास

जमिनीवर माणूस तहान लागली म्हणून पितो आणि समुद्रावर पैसे भरलेत म्हणून पितो. या दोन अवस्थांमध्ये फक्त एका शिडीचे अंतर असते. ती चढून वर गेल्यावर प्रत्येक प्रवाशाच्या हातात हसतमुखाने एक रंगीत माहितीपत्रक दिले जाते.

पर्यटन जहाजांवरच्या दारूच्या किमतींना लोक उगाच नाके मुरडतात. तिथल्या एका ग्लासाच्या किमतीत जमिनीवर अख्खी बाटली येते, वर खारे शेंगदाणे येतात आणि घरी परतायचे भाडे सुटते, ही तक्रार खरी आहे. पण तीत कंपनीची दूरदृष्टी ध्यानात घेतलेली नाही. ग्लास महाग नसता, तर 'अमर्याद पेय पॅकेज' स्वस्त वाटले नसते. पॅकेज स्वस्त वाटले नसते, तर ते कोणी घेतले नसते. आणि कोणी घेतले नसते, तर कंपनीला ग्लास विकून पोट भरावे लागले असते. तेव्हा ग्लास महाग ठेवला आहे तो ग्राहकाला बचतीची गोडी लागावी म्हणूनच.

ही गोडी मापसाहेबांना लागली. मापसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांत त्यांना पाहून बाजारातले तराजू आपोआप सरळ होत. त्यांच्या पत्नी सरकारी रुग्णालयात मेट्रन होत्या आणि निवृत्तीनंतरही घरात मेट्रनच राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलीने दोघांना सात दिवसांच्या सफरीची तिकिटे दिली. तिकिटात खोली होती, जेवण होते, पोहण्याचा तलाव होता. दारू नव्हती.

"पॅकेज घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "एकेक ग्लास घेत बसलात तर लुटतील तुम्हाला!"

मापसाहेब वर्षातून दोनदा पीत. त्यामुळे ते लुटले जाण्याची शक्यता वर्षातून दोनदाच होती. पण 'लुटतील' हा शब्द निरीक्षकाच्या कानांवर पडला की त्याचा इलाज नसतो. त्यांनी पॅकेज घेतले. नियम असा की, एका खोलीतल्या एका प्रौढाने पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही घ्यायचे. (एकाच्या पॅकेजवर दोघे पितील, ही भीती. संसार म्हणजे काय, हे कंपनीला चांगलेच कळते.) मेट्रनबाईंनी आयुष्यभर स्पिरिट फक्त जखमेला लावले होते. त्यांचेही पैसे भरले गेले.

मेट्रनबाईंना या सफरीतून एकच गोष्ट हवी होती. पाचव्या दिवशी जहाज एका बेटाला लागणार होते आणि त्या बेटावर जुने दीपगृह होते. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ही दोघे असेच एक दीपगृह बघायला निघाली होती. वाटेत एका वाण्याचा तराजू मापसाहेबांना तिरका दिसला. पंचनामा होऊन सील ठोकेपर्यंत पाच वाजले आणि दीपगृह बंद झाले. "पुन्हा येऊ," असे मापसाहेब तेव्हा म्हणाले होते. त्याला चाळीस वर्षे झाली होती. मेट्रनबाईंनी विषय काढला नव्हता, पण सोडलाही नव्हता.

जहाजावर चढताच मापसाहेबांनी चलन बदलले आणि सगळा हिशेब ग्लासांत सुरू केला. पॅकेजची किंमत माणशी रोजचे चार ग्लास पडत होती. दोघांचे मिळून आठ, सात दिवसांचे छप्पन्न. मेट्रनबाईंच्या तीन कॉफ्यांचा एक ग्लास, दोन फळांच्या रसांचा एक ग्लास. उरलेले सहा मापसाहेबांच्या अंगावर आले. त्यांनी वेळापत्रक आखले: अकराला बिअर, तलावाकाठी. दीडला वाइन, जेवणासोबत. साडेतीनला बिअर, इच्छा असो वा नसो. सहाला व्हिस्की. आठला वाइन. दहाला जे समोर येईल ते, उभ्याने.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढीच्या सामानातून आपली काचेची मापनळी काढली आणि बारवर व्हिस्की मोजली. थेंबभरही कमी भरली नाही. बर्फ वेगळा काढून पुन्हा मोजली. चोख. चौतीस वर्षांत त्यांना इतके खरे माप भेटले नव्हते, आणि त्याचा आनंद काही केल्या होईना. खोलीत आल्यावर त्यांनी कारण शोधून काढले.

"अगं, किंमतच अशी लावलीये की मापात मारायची गरजच नाही."

"झोपा आता," मेट्रनबाई म्हणाल्या. "अजून दहाचा राहिलाय, की झाला?"

तलावाकाठी पडल्या पडल्या मापसाहेबांनी एक पाहणीही केली. पॅकेजधारक शंभर प्रवाशांपैकी एकसष्ट जण वसुलीसाठी पीत होते, बावीस जण शेजारचा आपल्यापुढे जाऊ नये म्हणून, अकरा जण हातात ग्लास धरून झोपले होते आणि सहा जणांना दारू आवडत होती. (या सहांकडे बाकीचे संशयाने बघत.)

एवढा नेट लावूनही मापसाहेबांना दिवसाला चारच्या पुढे जाता येईना. पोट डब्ब, डोके जड. मेट्रनबाई सकाळी डेकवर जाऊन एकट्याच समुद्र बघत. साहेब खोलीत पुढच्या ग्लासासाठी ताकद गोळा करत. चौथ्या दिवसाअखेर तूट आठ ग्लासांवर गेली. ती भरून काढायला एकच दिवस मोकळा होता. पाचव्या दिवशी सगळे प्रवासी बेटावर उतरणार म्हणजे बारला गर्दी नाही, रांग नाही. एका कसलेल्या डोक्यालाच हे सुचू शकते.

"तू जाऊन ये," ते सकाळी म्हणाले. "मी जरा तूट बघतो."

मेट्रनबाईंनी पायात बूट चढवले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "बरं," एवढेच म्हणाल्या, पाण्याची बाटली घेतली आणि गेल्या.

बारवर आधीच तीसेक कसलेली डोकी बसली होती. बारचे शटर खाली होते. बारमन बाहेर बसून ग्लास पुसत होता.

"बंदरात असताना बार बंद असतो, साहेब. इथला कर पडतो ना. पॅकेजच्या मागच्या बाजूला आहे, कलम चौदा."

"मग उघडणार कधी?"

"जहाज सुटलं की. संध्याकाळी सहाला."

तीसही जण जागचे हलले नाहीत. भरलेल्या पैशांवर नजर ठेवणेही एक कामच असते. मापसाहेबांनी सव्वा तास शटरवर नजर ठेवली. मग बारमनने सहज विचारले, "मॅडम कुठे दिसत नाहीत?" आणि मापसाहेबांची नजर शटरवरून हलली. खिडकीतून टेकडीवरचे पांढरे दीपगृह दिसत होते. हे दुसरे दीपगृह आपण स्वतः बंद करायला निघालो होतो, हे त्यांना अगदी स्पष्ट कळले. ते उठले आणि चपला फटफटवत धावत सुटले.

दीपगृहाला एकशे शहाऐंशी पायऱ्या होत्या. एकशे बाराव्या पायरीवर मेट्रनबाई बसलेल्या होत्या.

"गुडघा?" मापसाहेबांनी धापा टाकत विचारले.

"गुडघ्याला काय धाड भरलीये! उरलेल्या एकटीनं चढायचा कंटाळा आला."

"चल. मी आहे."

"तूट भरली?"

"नाही भरली. ऊठ."

उरलेल्या चौऱ्याहत्तर पायऱ्या दोघे हात धरून चढले. वर वारा होता आणि चारी बाजूंनी समुद्र. दीपगृहाचा रखवालदार बादलीतल्या गार पाण्यात ठेवलेली बिअर आणि लिंबूपाणी विकत होता. मापसाहेबांनी रोख पैसे मोजून दोन ग्लास घेतले. त्यांची बिअर बोटभर कमी भरली होती. त्यांना ते दिसले. त्यांनी ग्लास उजेडात धरला, मेट्रनबाईंकडे पाहिले आणि पिऊन टाकला. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी सोडून दिलेले हे पहिले माप. बिअर फार छान होती.

सातव्या दिवशी ग्लासांच्या हिशेबाची वही मिटली तेव्हा तूट एकोणीस ग्लासांची होती. घरी मेव्हणा वाटच बघत होता. "काय भावोजी, झाले का वसूल?"

"पुरेपूर," मापसाहेब म्हणाले. मेट्रनबाईंनीही मान डोलावली, आणि त्या दोघांच्या मते ते खोटे नव्हते. मेव्हण्याने त्याच संध्याकाळी चौघांचे पॅकेज भरले. त्याच्या घरात चौघांपैकी एकही पीत नाही.

आपण हसलात, हे उत्तमच. मात्र ज्यांना ही कथा दुसऱ्याच परिच्छेदात कंटाळवाणी वाटली होती आणि तरीही पुस्तक विकत घेतले आहे म्हणून जे नेटाने इथवर आले, त्यांची गणना आम्ही त्या एकसष्ट जणांत केली आहे. त्यांच्या सोयीसाठी छापील किमतीला पाने लावून पाहिली: दिवसाला तीन कथा पडतात. आजच्या दोन राहिल्या आहेत.