दादारावांच्या टाकीतला आमरस

आमच्या फ्रीजरमध्ये उन्हाळाभर बर्फ होत नाही, कारण तिथे दादारावांच्या बाटल्या असतात. सहा बाटल्या, प्रत्येकीवर निळ्या पेनने नंबर. शेजारच्या घरातल्या तीन गोल्डफिशना गार ठेवायला माझा फ्रीजर राबतो आणि माझ्या घरची माणसं माठाचं पाणी पितात.

रिसोडचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला ह्यातला अन्याय कळायचा नाही. मे महिन्यात इथे नळाचं पाणी अंगावर घेतलं तर चटका बसतो. अशा दिवसांत हा गृहस्थ सकाळी सातला आणि दुपारी दोनला आमची कडी वाजवतो, गोठलेली बाटली नेतो, कोमट ठेवतो आणि वर मलाच झापतो. "वैनी, फ्रीजचं दार घडीघडी काहून उघडता? चार नंबर अजून कच्चीच हाये!" माझ्या फ्रीजचं दार, माझ्याच घरात!

दादाराव एसटीत मेकॅनिक होते. आता रिटायर झाले, बायको वारली, एकुलता एक मुलगा पुण्याला. बापलेकाचं पटत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मुलाने आपल्या मनाने लग्न केलं, हे लग्नाला गेले नाहीत. मुलगा सामान घेऊन गेला, त्याची माशांची काचेची टाकी तेवढी मागे राहिली.

त्या टाकीवरून दादारावांचं जगाशी भांडण आहे. वाशिमच्या एका दुकानदाराने त्यांना पाणी थंड करायचं मशीन सुचवलं. किंमत ऐकून जे तणतणायला लागले ते रिसोडच्या स्टँडपर्यंत थांबले नाहीत. मी त्याच गाडीत होते. "इंजिन तापलं तं आमी काय नवी गाडी घेत होतो? हवा द्या, पानी द्या, सावली द्या, कोनतंबी इंजिन जाग्यावर येते. अन् हा मले मशीन इकून राह्यला!" कंडक्टर मुकाट्याने मान डोलवत होता. चालत्या गाडीतून तो बिचारा जाणार कुठे?

खरं सांगायचं तर त्यांचं शास्त्र चुकीचं नव्हतं. पश्चिमेच्या भिंतीपासची टाकी त्यांनी आतल्या खोलीत नेली. झाकण काढून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. भंगारातल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा पाण्यावर वारा मारेल असा तिरपा बसवला. दिवा बंद ठेवायचा, आटलेलं पाणी रोज भरायचं, बाटली एका वेळी एकच सोडायची. "एकदम गार केलं तं मासा गचकते. तापल्या इंजिनात थंडं पानी टाकता काय तुमी?" मी आयुष्यात कुठल्याच इंजिनात पाणी टाकलेलं नाही, तरी मला बोलणी बसली.

फसले ते एकदाच. टाकीभोवती ओलं पोतं गुंडाळायची युक्ती काढली आणि पोतं आणलं भावाच्या शेतातून. त्यात पेरणीआधी लाल औषध चोळलेलं सोयाबीनचं बी ठेवलेलं होतं. पोत्याचं टोक पाण्यात बुडालं आणि थोड्या वेळात टाकी गुलाबी! अनवाणी धावत आले, माझे दोन्ही माठ उचलून नेले, टाकीतलं पाणी बदललं. मासे वाचले. पुढे आठवडाभर भावाला शिव्या. "मुक्या जनावराले जहर देता?" भावाला तर दादारावांनी मासे पाळलेत हेच ठाऊक नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आमचे लेक-जावई कारंज्याहून रसाळीला आले. आमच्याकडे उन्हाळ्यात जावयाला आमरस खायला बोलावलं नाही तर नाक कापलं जातं, आणि रस कोमट वाढला तर उरलंसुरलंही जातं. मी सकाळीच सगळ्या बाटल्या ओट्यावर काढल्या आणि रसाचे दोन घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे फ्रीजरमध्ये ठेवले. फ्रीजर माझा आहे, मी कोणाला का विचारायचं?

अकराला लाईट गेली. दोनला कडी वाजली. दादारावांनी ओट्यावरच्या बाटल्या एकेक करून हातात घेऊन पाहिल्या. मी पदर खोचून भांडणाला तयार होते, पण ते ओरडलेच नाहीत.

"पंखा बंद हाये," एवढंच म्हणाले. "मासे वरती येऊन हापून राह्यले."

त्यांच्या त्या गरीब आवाजाने माझं डोकं जास्तच तापलं. "भाऊ, मासेच हाये ना ते! मेले तं दुसरे आना. वाशिमले पायलीचे पन्नास भेटते."

"मासे भेटतीन, वैनी." त्यांनी बाटली खाली ठेवली. "पोरगा दर रविवारी फोन करते. मासे कसे हाये इचारते, पानी किती गरम हाये इचारते. मी सांगतो. दुसरं काई बोलत नाही आमी. हे मेले तं तो कायले फोन करीन?"

तो रविवारच होता. मला माझी लाज वाटली. मी फ्रीजरमधून रसाचा एक डबा काढला आणि त्यांच्या पुढे चालू लागले. जावई ताटावर बसले होते. आमचे हे नुसते बघत राहिले.

दादारावांनी डब्याची कडी धरून तो पाण्यात सोडला आणि तसाच धरून ठेवला. मी हातपंख्याने पाण्यावर वारा घालत राहिले. टाकीतल्या थर्मामीटरचा पारा हलायला पाऊण तास लागला. मग एकेक मासा खाली उतरला. तेवढ्यात फोन वाजला. दादारावांचे हात ओले होते, त्यांनी मलाच तो उचलायला सांगितला आणि मी स्पीकर सुरू केला.

"मासे कसे हाये?"

"बरे हाये."

"पानी?"

"तीस. लाईट नाही. शेजारच्या वैनीनं टाकीत आमरसाचा डबा सोडला."

 पलीकडे मुलगा मोठ्याने हसला. दादाराव दचकले. ते हसू त्यांनी किती वर्षांनी ऐकलं असेल, कोण जाणे.

"बाबा," मुलाने हळूच विचारलं, "तुमी जेवले काय?"

दादारावांनी घाईघाईने थर्मामीटरकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. ह्या प्रश्नाचा आकडा तिथे नव्हता.

"नाही रे बाबू," ते म्हणाले. "अजून नाही जेवलो."