मेहुण्याची पाठ आणि माझी पेन्सिल

मालिश शिकायची असं मी ठरवलं, तेव्हा कुणाचं लग्न मोडावं असा माझा मुळीच हेतू नव्हता. वाशीमच्या कोर्टात मी नकला लिहायच्या कामावर होतो. दिवसभर मान खाली घालून लोकांची भांडणं सुवाच्य अक्षरात उतरवायची, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्या मानेचा ओंडका होई. तेव्हा म्हटलं, आपणच ती विद्या शिकून घ्यावी. (आपल्या मानेला आपणच नीट मालिश करू शकत नाही, हे वर्गात नाव घातल्यावर लक्षात आलं.)

वर्ग आखाड्यात भरे. शिकवायला किसनसिंग मास्तर. पलटणीच्या इस्पितळात त्यांचं आयुष्य गेलेलं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी हातात तेलाची वाटी देतील. त्यांनी विचारलं, "मोट पाह्यली का कधी?"

"पाहिली ना."

"मंग आयका. बैल म्हणजे स्नायू, नाडा म्हणजे कंडरा, मोट म्हणजे हाड. बैल नाडा ओढते, नाडा मोटीले ओढते. बैल कुठं उभा हाये अन् नाडा कुठं बांधला, हे ज्याले ठाऊक नाही, त्यानं तेल हातात घेऊ नये. आता घरी जा अन् जित्या माणसाच्या पाठीवर सारे स्नायू काढून पाहा."

घरी येऊन मी चतुराबाईकडे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीकडे, तिची पाठ मागितली.

"माही पाठ म्हणजे तुमची पाटी हाये का?" ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

अशी पंचाईत असताना माझा मेहुणा इंद्रभान धनजहून आला. शिरपूरचे जगदेवराव आपल्या मुलीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाहायला येणार होते. आईबापाविना वाढलेला हा एकुलता एक भाऊ. त्याचं लग्न जमावं म्हणून चतुराबाईने उपास धरलेले. घर सारवून झालं, चिवडा झाला. माझ्या वाट्याला तिने एकच काम दिलं होतं.

"तुमी काही करू नका."

बैलगाडीच्या धक्क्यांनी इंद्रभानचा खांदा आखडला होता. "भाऊजी, जरा दाबून देता का?" असं त्याने स्वतः होऊन म्हटलं. मी त्याला ओसरीवर पालथं झोपवलं. तेलाआधी विद्या, म्हणून खिशातली कोर्टातली कॉपिंग पेन्सिल काढली. मानेपासून खांद्याकडे उतरणारा स्नायू काढला. कमरेपासून पंख्यासारखा पसरलेला मोठा स्नायू वर निमुळता होत काखेतून दंडाच्या हाडाशी नेला आणि त्याच्या टोकाला लिहिलं, 'नाडा येथे बांधला'. तोवर इंद्रभान घोरू लागला होता. पोर थकलंय, झोपू दे, म्हणून तेल राहूनच गेलं. पेन्सिलीच्या रेघा इतक्या पुसट होत्या, की कुणाला दिसल्याही नसत्या. मलाही नंतर त्यांची आठवण राहिली नाही.

कॉपिंग पेन्सिल कोरडी असताना गरीब दिसते. पाणी लागलं की तिचा जांभळा रंग असा फुलतो, की चार धुण्यांत जात नाही. (हे मला ठाऊक होतं. त्याच पेन्सिलीवर माझं पोट चालत होतं.)

सकाळी जगदेवरावांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, ठरल्यापेक्षा लवकर आली. इंद्रभान विहिरीवर अंगावर पाणी ओतून घेत होता आणि त्याची पाठ पाहुण्यांकडे होती. मी सामोरा गेलो, तर जगदेवराव हललेच नाहीत. मी इंद्रभानच्या घरचा जावई, म्हणून त्यांनी मलाच विचारलं,

"जावाई, पोराले फटके कायचे बसले? जेलात होता का?"

मी वळून पाहिलं. मानेपासून कमरेपर्यंत जांभळे पट्टे लखलखत होते.

"नाही हो, ते स्नायू आहेत," मी म्हणालो.

ते जवळ गेले. जमिनीच्या खटल्यापायी त्यांचं कोर्टात जाणंयेणं होतं, आणि लिहिलेलं दिसलं की शेवटपर्यंत वाचायची त्यांना सवय होती. कमरेपाशी वाकून त्यांनी सावकाश वाचलं, "अस्सल बरहुकूम नक्कल." खाली माझी सही. कोर्टातल्या प्रत्येक नकलेखाली, ती मुळाबरहुकूम आहे म्हणून, मी हाच शेरा आणि सही करत असे; हाताच्या सवयीने ती इथेही केव्हा होऊन गेली, ते मलाही कळलं नव्हतं.

जगदेवराव ताठ उभे राहिले. "हे नक्कल हाये, तर अस्सल पोरगा कुठं हाये?"

"हाच आहे अस्सल."

"सही तुमचीच ना? मंग लेखी खरं का तोंडी खरं?"

चतुराबाई दारात आली. भावाची पाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराने डोळे टिपले. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

इंद्रभान मात्र मान मागे वळवून स्वतःची पाठ पाहायची खटपट करत होता. "काय लेह्यलं हाये? मले दिसून नाही राह्यलं." ऐकल्यावर तो मोकळेपणाने हसला. "भाऊजीचा अभ्यास असंन. मले झोप लागली होती."

मी पोहरा विहिरीत सोडून दोर त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "ओढ." तो दोर ओढू लागला तसा कमरेवरचा जांभळा पंखा फुगला, आखडला, आणि दंड खाली आला. मी बैल, नाडा, मोट सगळं समजावलं. जगदेवराव बोट लावून लावून पाहू लागले. "अन् हे टोक हाडाले बांधेल हाये म्हणता?" त्यांनी त्याला दोनदा आणखी पाणी काढायला लावलं. मग म्हणाले, "माहाही खांदा लय दिवसाचा धरला हाये."

एवढं पुरे होतं. मी त्यांना ओसरीवर बसवून तेल घेतलं आणि स्नायूच्या उगमापासून कंडरेपर्यंत अर्धा घंटा खांदा रगडला. त्यांनी डोळे मिटून सगळं सोसलं. चहा-चिवडा झाला आणि उठता उठता त्यांनी होकार देऊन टाकला. चतुराबाई त्या दिवशी माझ्याशी दोन वेळा हसून बोलली.

लग्नात जेवणाची पंगत उठल्यावर मी व्याह्यांना जरा ऐटीत विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी मालिश झाली म्हणूनच होकार दिला ना?"

"नाही, जावाई. पाठीवर कोनी कायबी लेह्यलं तरी जो पोट्टा हासते, तो माह्या पोरीवर कायले चिडंन? म्हून देली."

"बरं, पण खांदा कसा आहे?"

"दुखते अजून," ते शांतपणे म्हणाले. "दुखते तो डावा. तुमी उजवा दाबून राह्यले होते. पन एवढा जीव लावून दाबत होते, म्हटलं मधात काहून बोलाव."