कायमची रजा

"सॉफ्टवेअर वापरायला शिकवावं लागत असेल, तर ते लिहिणाऱ्यालाच आधी शाळेत घाला!" असं तो छाती ठोकून सांगायचा. आणि त्याला तो अधिकारही होता. स्वतः प्रोग्रामर! दुसऱ्यांच्या चुका काढून काढून ऑफिसात त्याचं नावच 'दुरुस्ते' पडलं होतं. त्याची भांडणं माणसांशी कमी आणि कॉम्प्युटरशी जास्त. सकाळी कोड लिहायचं साधन उघडावं, तर त्यानं रात्रीत स्वतःला अपडेट करून घेतलेलं असे आणि 'सेव्ह'चं बटण रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखं गायब! काही बिघडलं की स्क्रीनवर एकच वाक्य यायचं, 'काहीतरी चुकलं आहे.'

"अरे, काय चुकलं ते सांग की!" दुरुस्ते करवादायचा. "नुसतं 'चुकलं' तर माझी बायकोही सांगते!"

त्या सोमवारी याच बायकोनं तो बूट घालत असताना त्याला गाठलं.

"माझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी आहे. मी नेमकी कामासाठी बाहेरगावी. त्यांना तूच न्यायचंस. रजा टाकलीस का?"

"आज टाकतो. चुटकीसरशी!"

"नाही टाकलीस तर बाबा एकटेच निघतील हं. आणि त्यांना हल्ली बस कुठली आणि भिंत कुठली, कळत नाही."

पूर्वी रजा काढायची म्हणजे साहेबांच्या दारातून मुंडकं आत घालायचं, 'सर, गुरुवारी नाही' म्हणायचं, झालं! पण ऑफिसनं नुकतंच रजेसाठीही सॉफ्टवेअर आणलं होतं. दुरुस्तेनं ते उघडलं. त्यानं पासवर्ड मागितला. दिला, तर म्हणालं, फार सोपा आहे. अवघड दिला, तर म्हणालं, फार लांब आहे. शेवटी दुरुस्तेनं रागानं कीबोर्डवर मूठ आपटली. तो पासवर्ड त्याला पसंत पडला!

मग प्रश्न आला, रजेचा प्रकार कोणता? आजारपणाची, अचानकची की कायमची?

"आजारी तर मी नाही," दुरुस्ते पुटपुटला. "अचानकही नाही, डॉक्टरांनी तारीख केव्हाच दिलीय. म्हणजे कायमची! आपली नेहमीचीच की!"

त्यानं 'कायमची' दाबलं. 'कधीपासून'मध्ये गुरुवार घातला. तेवढ्यात 'कधीपर्यंत'चा रकाना डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

"घ्या! एवढं साधंसुद्धा जमत नाही यांना!" म्हणत त्यानं कारण लिहिलं, 'सासऱ्यांचा डोळा'. खाली अक्षरं उमटली, 'तुमची आम्हाला आठवण येईल. नक्की जाणार?'

"एका दिवसात आठवण? काय हा लाडिकपणा!" दुरुस्ते हसला आणि त्यानं 'हो' दाबलं.

तासाभरात शेजारच्या टेबलावरचा मित्र येऊन उभा राहिला. चेहरा असा, की नुकताच कांदा चिरून आलाय!

"मला तरी सांगायचंस रे!"

"त्यात सांगायचं काय? माणूस कधीतरी जाणारच की."

"आमचं कसं होणार?"

"फोनवर आहेच ना मी!"

मित्रानं त्याला गच्च मिठी मारली. मागून एकजण म्हणाला, "तुझी खुर्ची मी घेऊ का? माझी करकरते."

"घे की! लाजतोस काय?"

दुपारी तर केकच आला! एक दिवस सासऱ्यांना दवाखान्यात नेण्याचं एवढं कौतुक? आपल्या ऑफिसात काय सोन्यासारखी माणसं आहेत, या विचारानं दुरुस्तेला गहिवरून आलं. त्यानं केकचे दोन तुकडे खाल्ले. तिसरा तोंडात असतानाच साहेबांचं बोलावणं आलं.

"तर सासरेबुवांचा डोळा होताच तुझ्यावर!" साहेब उसासा टाकून म्हणाले. त्या सासऱ्यांचं फर्निचरचं दुकान होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "असं काय मिळणार आहे रे तुला तिकडे?"

"काळा चष्मा, सर. आणि डोळ्यांत घालायचे थेंब."

साहेब गोंधळले. "मग जातोस कशाला?"

"मीच नेतोय ना त्यांना! ते एकटे गेले तर आपटतील."

"म्हणजे धंदा इतका वाईट चाललाय?"

"धंदा उत्तम आहे, सर. उजवा डोळा वाईट आहे. शुक्रवारी मी परत कामावर!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आपली स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "बाबा रे, तू राजीनामा दिलायस."

दुरुस्तेच्या घशात केक अडकला. पाठीत चार गुद्दे घालून साहेबांनीच तो उतरवला. मग दोघं धावत माणसांची भरती बघणाऱ्या बाईंकडे गेले.

"राजीनामा मागे घ्यायचं बटणच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

"मग ज्यानं हे बनवलंय त्याला विचारा ना!" दुरुस्ते किंचाळला.

"तो गेला सोडून."

"का?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यालाही बिचाऱ्याला एकच दिवसाची रजा हवी होती."

मग बाई म्हणाल्या, "तुम्हाला नवीन माणूस म्हणून भरती करते. आजपासून लावू?"

"लावा! लावा! आणि गुरुवारची रजाही टाका."

"नव्या माणसाला पहिले सहा महिने रजा नाही."

दुरुस्तेच्या डोळ्यांसमोर भिंतीला हात करून थांबवणारे सासरे उभे राहिले. तो मटकन खाली बसला. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी कॅलेंडरकडे.

"असं करू," बाई म्हणाल्या. "गुरुवारपासून तुमची नोकरी गेलीच आहे. नवी शुक्रवारपासून लावते. मधल्या दिवशी तुम्ही आमचे कुणीच नाही. कुठेही जा!"

गुरुवारी ऑपरेशन छान पार पडलं. एका डोळ्यावर पट्टी बांधून सासरे खुशीत कॉटवर बसले होते. दवाखान्यातल्या सिस्टर औषधाची बाटली घेऊन आल्या.

"उद्या तपासणीला तुम्हीच आणणार ना यांना?"

"उद्या यांची मुलगी आणेल, ती आज रात्री परत येतेय," दुरुस्ते म्हणाला. "उद्या मला नवी नोकरी लागतेय."

"अरे वा! कुठे?"

दुरुस्तेनं ऑफिसचं नाव सांगितलं.

"अभिनंदन! आणि याआधी कुठे होतात?"

"तिथेच," दुरुस्ते खाली बघून म्हणाला.

सिस्टरनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग त्याच्यापुढे धरलेली बाटली त्यांनी हळूच मागे घेतली आणि सासऱ्यांच्या हातात ठेवली.

"आजोबा, थेंब तुमचे तुम्हीच घाला हं."