डंपरची खंडेनवमी

हेर, म्हणजे श्रीयुत, डॉर्नरच्या नव्या डंपरचं तेल लवकर बदलायचं असं आत्मारामने ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात परोपकाराखेरीज काही नव्हतं. (स्वयंपाकघर होतं, पण ते पुढे येईलच.)

ही साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. डॉर्नर हा न्युरेम्बर्गजवळचा एक छोटा कंत्राटदार. त्याच्या घरात वरच्या खोलीत आत्माराम आणि वसुधा भाड्याने राहत. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मागच्या आवारात डॉर्नर दोन खोल्या बांधत होता आणि त्या या जोडप्याला द्याव्यात असं त्याच्या मनात होतं. त्यात वेगळं स्वयंपाकघर होतं! सध्या वसुधाने फ्राऊ डॉर्नरच्या शेगडीवर मोहरी तडतडवली की घरातल्या सगळ्या खिडक्या धडाधड उघडत. कुणाला न विचारता फोडणी करता यावी, एवढंच त्या बिचारीचं मागणं होतं.

आत्माराम इंजिनाच्या वंगणावर डॉक्टरेट करत होता. त्यामुळे डंपर आल्यापासून तो त्याच्याभोवती नव्या जावयासारखा घोटाळत होता.

"पण पुस्तकात तर तेल बरंच पुढे बदलायला सांगितलंय," डॉर्नर म्हणाला. पुस्तकातलं त्याला वेदवाक्य.

"हो, हो. पण नवं इंजिन सुरुवातीला घासतं. त्याचा कीस तेलात उतरतो. पहिलं तेल लवकर काढलं की पुढे त्रास नाही."

"आल्झो, ठीक आहे, तुम्ही शिकलेले. बदला."

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन गरम असतानाच आत्मारामने तळाचं बूच काढलं, तेल एका पातेल्यात उतरवलं, बूच परत घट्ट बसवलं. नव्या तेलाचा डबा सीटवर ठेवला. आता तो ओतायचा, की काम झालं. पण तेवढ्यात पातेल्यात काहीतरी चमकलं आणि गडी पातेलं घेऊन धावत जिना चढला.

"बघ, बघ! कशी चांदी चमकतेय! हाच तो कीस!"

"आधी ते पातेलं कुठलं ते सांगा," वसुधा म्हणाली.

पातेलं दुधाचं होतं. मग ते घासणं आलं, त्यावरून बोलणी आली आणि जेवताना वंगण या विषयावर सविस्तर व्याख्यान झालं. वसुधाने ते मन लावून ऐकलं. (नवी लग्नं अशीच टिकतात.)

सकाळी आत्माराम तोंडाला साबण फासून दाढी करत होता. एवढ्यात खालून डॉर्नरची हाक आली. डंपर सुरू करायचं हँडल जागेवर नव्हतं. मेव्हणे, शेजारी, सगळे फावडी घेऊन खोळंबले होते.

हँडल वरच्या खोलीत सापडलं. ट्रंकेवरच्या देवांपुढे, हळदकुंकू लावलेलं, वर फ्राऊ डॉर्नरच्या कुंडीतलं फूल.

"आज मशीनला फायरटाग आहे," वसुधा जमेल त्या जर्मनमध्ये म्हणाली. "आमचा सण. खंडेनवमी. अवजारांची पूजा करायची, काम नाही सांगायचं."

"फायरटाग?" डॉर्नर चाचरला. त्या देशात सुट्टीच्या सणापुढे कुणाचं काही चालत नाही.

"फायरटागला काम?" फ्राऊ डॉर्नर नवऱ्यावर कडाडली. "हान्स, खाली ठेव ते फावडं!"

आत्मारामला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वंगणाचा भावी डॉक्टर, आणि बायकोचं हे हळदकुंकू! "अहो, थांबा तरी," वसुधा म्हणत राहिली, पण साबणाच्या तोंडाने हँडल उचलून तो तरातरा खाली गेला. हँडल बसवलं, बाह्या सरसावल्या. आणि समोर सीटवर त्याला तेलाचा डबा दिसला. सीलबंद.

इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. ते सुरू झालं असतं तर जागच्या जागी जाम झालं असतं, आणि त्यापाठोपाठ दोन खोल्या, फोडणी, सगळंच गेलं असतं.

त्याने हळूच हँडल काढलं, कपाळाला लावलं आणि गंभीरपणे म्हणाला, "नाही हेर डॉर्नर. फार कडक फायरटाग आहे."

मंडळी कॉफीला आत गेली तेव्हा नवराबायकोने गुपचूप तेल भरलं. नरसाळं वसुधाने धरलं होतं.

"खंडेनवमी नेमकी आजच आली, नशीब म्हणायचं!" आत्माराम म्हणाला.

"खंडेनवमी मागच्या आठवड्यातच झाली."

"आँ?"

"सकाळी खिडकीतून सीटवर डबा तसाच दिसला. खाली डॉर्नर बूट घालत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर 'तेल नाही, तेल नाही' असं ओरडत गावभर धावला असतात."

आत्मारामला एकदम भरून आलं. परक्या मुलखात या पोरीने देवांना साक्षी ठेवून त्याच्यासाठी चक्क थाप मारली होती. "वसू," तो म्हणाला, "इतकं कसं गं लक्ष असतं तुझं?"

"तुम्हीच म्हणालात ना? नव्या इंजिनाकडे सुरुवातीलाच लक्ष द्यावं, म्हणजे पुढे त्रास नाही."

खोल्या मिळाल्या. स्वयंपाकघरात पहिली फोडणी झाली तेव्हा वसुधाचे डोळे पाणावले, आणि ते मोहरीमुळे नव्हते.

डंपर पुढे कितीतरी वर्षं कुरकुर न करता चालला. डॉर्नर गावभर सांगायचा की नवं मशीन घेतलं की त्याला लवकरात लवकर एक फायरटाग द्यावा आणि फूल वाहावं. "आणि तेल?" कुणी विचारायचं. "ते पुस्तकात असेल तसं," डॉर्नर म्हणायचा, "आत्माराम काय वाटेल ते सांगतो."