होडी, हार आणि खंडू

शनिवारी सगळं नेहमीसारखं होतं, म्हणजे मैथिली वैतागलेली होती. डोंबिवलीहून एवढं बाळकुमला वडिलांना, म्हणजे भाऊंना, भेटायला यावं, तर ते दिवाणाला होडी समजून हलवत होते आणि वर त्यांचा कुत्रा खंडू केशरी लाइफ जॅकेट घालून तहसीलदारासारखा बसला होता.

"पंढरी नावाडी होडीतून खाडीत नेणार आहे आम्हाला. तयारी नको?"

"भाऊ, कुत्र्यांना जन्मतःच पोहता येतं."

"येतं की. पण होडीत परत चढता येत नाही. म्हणून जॅकेटला पाठीवर ही मूठ. आणि पट्टा होडीला कधीही बांधायचा नाही."

"एक कुत्रा सांभाळायला एवढं शास्त्र? मला द्या, मी दाखवते."

रविवारी पहाटे भाऊ झोपेतच गेले.

अस्थी सोडायला पंढरीचीच होडी ठरली. खंडूला घरी ठेवायचं होतं, पण तो जॅकेट तोंडात धरून दारात आडवा पडला.

"येऊ दे गं," सुमतीआत्या म्हणाली. "त्याचाही बाप गेलाय."

मैथिलीने त्याला जॅकेट चढवलं आणि होडीत बसल्याबरोबर पट्टा फळीला तीन गाठी मारून बांधला. प्रश्न मिटला.

खाडीच्या मध्यावर तिने मडकं अलगद पाण्यात सोडलं. इथवर सगळं नीट झालं. मग आत्याने हात जोडून झेंडूचा हार भिरकावला. पाण्यात पडलेलं परत आणायचं, हे भाऊंनी शिकवलेलं. खंडूने उडी मारली. पट्टा पुरला नाही, आणि तो होडीच्या कडेला ओल्या टॉवेलसारखा लोंबकळू लागला.

"अगं, फास बसेल त्याला," म्हणत आत्या त्या बाजूला धावली. मैथिलीही धावली. होडीही त्याच बाजूला निघाली.

"एकीकडं दोघी नको," पंढरी ओरडला. "कलंडंल! आत्या, तुम्ही मागं बसा."

मैथिली गाठीशी झटत होती. गाठ तिने स्वतः मारलेली, त्यामुळे ती कुणाचंच ऐकत नव्हती. शेवटी पंढरीने सुरीने पट्टा कापला. खंडू सुटला तो थेट हाराकडे, आणि हार तोंडात धरून ऐटीत परत आला. मग मात्र चढता येईना. पंजे फळीवरून घसरत होते, नाकात पाणी जात होतं. मैथिलीने वाकून पाठीवरची मूठ धरली आणि दात-ओठ खाऊन त्याला आत ओढलं. त्याने अंग झाडून तिघांना आंघोळ घातली आणि हार तिच्या पायाशी ठेवला.

आत्याने तो पुन्हा टाकला. खंडू पुन्हा उठला. मैथिलीने झडप घालून मूठ पकडली.

"भाऊ काही जायचं नाव घेत नाही," आत्या पदर पिळत म्हणाली.

"ताई, काही बोलायचं असंल तर बोला," पंढरी म्हणाला. "ओहोटी आहे तोवर."

मैथिलीने दोन चांगली वाक्यं ठरवून आणली होती. खंडू मांडीवर चढून थरथरत होता, नाकाला चिखलाचा वास येत होता आणि तिला त्यातला एकही शब्द आठवेना.

"अहो भाऊ," ती पाण्यावर वैतागूनच म्हणाली, "मला नाही जमत हो तुमच्याशिवाय."