राजाचं प्यादं दोन घरं पुढे

पोस्टाने बुद्धिबळ खेळायचं ठरल्यापासून दातांच्या डॉक्टरांचं कशात लक्ष नव्हतं. समोरचा गडी परगावचा, नावाजलेला. सुरुवात राजाच्या प्याद्याने करावी की वजिराच्या, या घोळात त्यांनी दोनदा चुलीवरचं दूध उतू घालवलं. शेवटी एकदाची चाल दवाखान्याच्या कार्डावर लिहून, बेकरीवाल्यांना त्यांच्या दाताबद्दल लिहिलेल्या कार्डासोबत ते पेटीत टाकलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

दोनच दिवसांनी बेकरीवाले घाबरेघुबरे दवाखान्यात शिरले. गालावर हात.

"डॉक्टर, दात सरकतो तरी कसा हो?"

"कुठला दात?"

"तुम्हीच लिहिलंय की! 'राजाचं प्यादं दोन घरं पुढे. आता तुमची पाळी.' कालपासून मी नुसत्या पेजेवर आहे!"

दोन्ही कार्डांवरचे पत्ते उलटेपालटे झाले होते. म्हणजे बेकरीवाल्यांचं कार्ड त्या नावाजलेल्या खेळाडूला गेलं होतं: 'आतून पार कुजलंय. उपटल्याशिवाय गत्यंतर नाही. गुरुवारी सकाळी या. घाबरू नका.'

बेकरीवाल्यांना खुर्चीत तसंच आ वासून ठेवून डॉक्टर पोस्टात धावले.

"थैली कालच गेली," पोस्टमास्तर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी माफीचं कार्ड लिहायला घेतलं. बायकोने मागून वाचलं.

"'तुमच्याबद्दल तसं म्हणायचं नव्हतं' काय? अहो, यापेक्षा पहिलंच बरं होतं!"

कार्ड फाडलं. गुरुवारपर्यंत डॉक्टर घरात येरझारा घालत राहिले. दारावर थाप पडली की दचकायचे.

गुरुवारी सकाळी थाप पडलीच. दारात एक धिप्पाड गृहस्थ, हातात ते कार्ड.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"अहो, त्याचं असं झालं..."

"दाढ ठणकतेय, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं! तुम्हाला इतक्या लांबून कळलं कसं?"

डॉक्टरांनी पाहुण्याला दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलं, आ करायला लावला. दाढ खरंच आतून पार कुजली होती. ती निघाली, गालात कापूस गेला आणि डॉक्टरांनी लगबगीने पट मांडला.

"आलाच आहात तर समोरासमोरच खेळू या. मी सुरुवात करतो."

पाहुण्याने हात जोडले.

"छे छे! न पाहता एवढं ओळखणाऱ्याशी कोण खेळेल? मी हरलो!"

एकही सोंगटी न हलवता डॉक्टरांनी डाव जिंकला. दोनदा दूध उतू घालवून ठरवलेली चाल मात्र खेळायची राहूनच गेली, म्हणून त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.